काठोकाठ भरलेलं सिंक

वास येत नाही म्हणणाऱ्या माणसाशी प्लंबरनं काय बोलावं, हे मला आजवर कुणी शिकवलं नाही. फोतिनीच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि गटाराचा असा भपकारा आला की मी होतो तसा मागं सरलो. आणि ही बाई, अंगात काळे कपडे, पांढरे केस चापूनचोपून बांधलेले, मला म्हणते कशी, "वास? कसला वास? तुझ्या मिशीला येत असेल, ब्रांको."

"थिया, मिशी रोज धुतो मी."

"धूत असशील. पण पाण्यानं की बिअरनं?"

असं तिचं तोंड. गावातले ग्रीक तिला थिया म्हणत, म्हणजे मावशी. त्यांचं ऐकून ऐकून आम्ही क्रोएशियाचे लोकही तेच म्हणायला लागलो. ऐंशीच्या घरातली बाई, पण नाकावर माशी बसू देणार नाही. आणि त्याच नाकाला म्हणे वास येत नव्हता!

मला बोलावलं होतं तिच्या मुलीनं, रानियानं. ती ॲडलेडला राहते. गाडी दारात उभी करून, नाकाला रुमाल लावून बाहेरच उभी होती.

"काका, आता बास झालं," रानिया म्हणाली. "दर खेपेला आले की हा वास. मी आठ दिवस आहे. तेवढ्यात तुम्ही हा घालवलात तर ठीक. नाही तर आईला गाडीत घालून घेऊन जाणार. या वेळी रिकाम्या हातानं परत जायची नाही मी."

आतून आवाज आला, "मी काय बटाट्याचं पोतं आहे का गं, गाडीत घालायला?"

मी पान्याची पेटी उचलून आत गेलो. मायलेकींच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा गटार बरं.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या कूबर पीडीत सगळ्यांचीच घरं टेकडीत कोरलेली. उन्हाळ्यात बाहेर माणूस भाजून निघतो आणि आत शाल लागते. पण या घरांची एक गोष्ट नव्या माणसाला खाते, ती म्हणजे शांतता. फोतिनीनं मला एकदा सांगितलं होतं, "आम्ही दोघी बहिणी बेटावर वाढलो रे. डोळे उघडायच्या आधी समुद्र कानात यायचा. इथं पहिल्या दिवशी सकाळी जाग आली आणि काही म्हणजे काहीच ऐकू येईना. मला वाटलं मी मेले. एव्दोकियाला हाका मारत सुटले."

एव्दोकिया ही तिची थोरली बहीण. दोघी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. भाऊ ओपलचे खडे शोधायला इकडे आले, मागोमाग या आल्या. समुद्राकाठच्या पोरी, आणि येऊन पडल्या कुठं, तर जिथं पाण्याचं बिल बघून धडधाकट माणसाला घाम फुटतो तिथं. भावांनी एकाच टेकडीत दोन घरं कोरली. एव्दोकियाचं चढावर, फोतिनीचं जरा खाली उतारावर, मध्ये एकच भिंत. त्या भिंतीत दार पाडलं, म्हणजे बायकांना उन्हात बाहेरून यायला-जायला नको. आणि सांडपाण्याचा पाइप दोन्ही घरांना मिळून एकच घातला. खडक दोनदा कोण फोडणार?

पुढं दोघी मागोमाग विधवा झाल्या. मग एका ईस्टरला सगळे जेवायला बसले असताना रानिया म्हणाली, "आई, चल ना माझ्याकडे." फोतिनीला त्या दिवशी काय झालं होतं देव जाणे. गाव आठवलं असेल, नवरा आठवला असेल. म्हणाली, "येते बाई. नाही तरी इथं माझं आहेच कोण?"

शेजारी एव्दोकिया बसली होती. ईस्टरचं लाल अंडं हातात, बहिणीच्या अंड्यावर टिचवायला पुढं केलेलं. ते अंडं तिनं ताटात ठेवलं, उठली, त्या मधल्या दारातून आपल्या घरात गेली, आणि त्याच आठवड्यात गवंडी बोलावून दार दगडांनी बुजवून टाकलं.

तेव्हापासून अबोला. फोतिनी ॲडलेडला गेली नाही. का गेली नाही विचारलं की म्हणायची, तिथली कॉफी पाणचट असते. चर्चमध्ये दोघी दोन टोकांना उभ्या. ही म्हणते ती थोरली, तिनं यावं. ती म्हणते बोलली ही, हिनं यावं. एका आईच्या लेकी, हट्ट काय निम्मा निम्मा वाटून घेतला होता होय? दोघींनी पुरेपूर घेतला होता. वर्षांमागून वर्षं गेली, भिंत तशीच राहिली.

तर मी सिंकखाली आडवा झालो. सिंकच्या खाली जो वाकडा पाइप असतो, त्याला आम्ही ट्रॅप म्हणतो. त्या बाकात कायम घोटभर पाणी साचून राहतं. ते पाणी म्हणजे दार. तुमचं पाणी त्यातून खाली जातं, पण गटाराची हवा वर येऊ शकत नाही. फोतिनीच्या ट्रॅपमध्ये ठणठणाट होता. दार सताड उघडं, मग वास येईल नाही तर काय होईल?

मी पेलाभर पाणी ओतलं. वास तिथल्या तिथं थांबला.

"एवढंच होय? ते तर मी रोज घालते," फोतिनी बोलून गेली.

मी सिंकखालून मान बाहेर काढली. "वास येत नाही ना तुला? मग रोज पाणी कशाला घालतेस?"

"तू तुझं काम कर," ती म्हणाली, आणि टेबल पुसायला लागली. ते आधीच पुसलेलं होतं.

तेवढ्यात सिंक बोललं. आधी खोलवरून घरघर, मग गुडगुड गुडगुड, आणि शेवटी लहान पोर नळीनं सरबत संपवतं तसा एक लांबलचक सुरका. मी ट्रॅपला हात लावला. आत्ता ओतलेलं पाणी गायब!

आणि फोतिनी? फडकं टाकून ती चुलीशी गेली, कॉफीचं लांब दांड्याचं भांडं काढलं आणि गॅस पेटवला. कुणी हाक मारल्यावर निघावं तशी निघाली होती.

रानिया दारातून म्हणाली, "हे काय होतं, काका?"

मी तिला ड्रमचं उदाहरण दिलं. ड्रममधलं डिझेल काढायला आमचे खाणवाले नळी घालतात, एकदा तोंडानं ओढतात, आणि मग डिझेल आपलं आपण वर चढून पलीकडे पडत राहतं. खाली पडणारं मागच्याला ओढत नेतं. त्यालाच सायफन म्हणतात. पाइपात तेच होतं. वरच्या घरातून पाण्याचा लोंढा पाइप भरून खाली पडला की तो मागं हवा ओढतो. त्याला हवा मिळावी म्हणून टेकडीच्या माथ्यावर एक उघडा पाइप ठेवलेला असतो. तो बंद असला तर लोंढा जिथं मिळेल तिथनं हवा खेचतो. म्हणजे तुमच्या ट्रॅपमधून. हवा यायची तर आधी तिथलं पाणी ओढून घ्यावं लागतं. गुडगुड त्याची.

"म्हणजे वर पाणी सोडलं की आईचं सिंक कोरडं?"

"थोडंथोडकं पाणी सोडून नाही. धार सोडून काही होत नाही. पाइप भरून जाईल एवढा लोंढा लागतो."

हे मी माझ्या तोंडानं बोललो, आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. असो.

रानिया गाडीतून काहीतरी आणायला गेली तशी फोतिनी माझ्याजवळ आली. आवाज एकदम खाली आला होता.

"ब्रांको, वास घालव. पण तो आवाज राहू दे."

"थिया, दोघं एकाच पोटची. एकाला ठेवून दुसऱ्याला घालवता येत नाही."

ती खुर्चीत बसली. पहिल्यांदाच मला ती म्हातारी दिसली.

"पूर्वी ती वर भांडी उरकायची आणि इथं आवाज व्हायचा," ती म्हणाली. "आवाज झाला की मी कॉफी ठेवायची. कॉफीला फेस यायला आणि ती त्या दारातून आत यायला एकच गाठ पडायची. आता ती येत नाही. पण भांडी घासते. तेवढं मला कळतं. उठली, जेवली, हात चालताहेत. बहिणीची एवढीच खबर आहे रे माझ्याकडे. या दगडात दुसरं काय ऐकू येतं मला? फार आठवण येते तिची. भिंतीपलीकडे आहे आणि फार आठवण येते."

मी म्हटलं, "मग नाही काढत. रानियाला सांगतो, होत नाही म्हणून."

"आणि मग ती मला घेऊन जाईल. तिथं आवाजही नाही आणि बहीणही नाही." तिनं गळ्यातला काळा स्कार्फ पदरासारखा डोळ्यांना लावला. "काढ. जवळ तरी राहीन."

माथ्यावर गेलो. तिथं जमिनीतून पाइपच पाइप वर आलेले असतात, खालच्या खोल्यांच्या हवेचे. धुळीचं वादळ उठलं की लाल माती त्यातून थेट अंथरुणात पडते, म्हणून जो तो त्यांच्यावर डबे उपडे घालतो. फोतिनीच्या नवऱ्यानं कधीकाळी घातले तेव्हा खोलीचा पाइप कुठला आणि सांडपाण्याचा कुठला हे बघितलंच नव्हतं. सगळ्यांना सरसकट टोप्या! सांडपाण्याच्या पाइपावर ऑलिव्ह तेलाचा डबा तारेनं आवळलेला, गंजून पाइपाशी एकजीव झालेला. अशी चूक आमच्याच गावात होऊ शकते. पकडीनं तार तोडली आणि डबा उपटला. पाइपानं श्वास घेतल्यासारखा हुस्स आवाज केला.

उतरताना एव्दोकियाचं दार लागतं. दारात अर्ध्या पिंपात लिंबाचं झाड. या गावात लिंबू जगवून दाखवणारी ही एकटीच. दृष्ट लागू नये म्हणून फांदीला निळा मणी बांधलेला. एव्दोकिया भांडी घासलेल्या पाण्याचा टब त्याच्या बुडाशी ओतत होती.

"काय रे गटारवाल्या, माझ्या डोक्यावर काय नाचत होतास?"

"पाइप मोकळा केला. तुझ्याकडेही वास येत असणार की."

"मला नाही बाई येत कसला वास."

तोच शब्द, तोच ठसका. मला हसू आलं. तिच्या उघड्या दारातून गटार नुसतं घमघमत होतं. वरच्या घरातून लोंढा सुटला की तिचा स्वतःचा ट्रॅपही कोरडा होणारच. इतकी वर्षं दोघी त्या वासात राहिल्या आणि एकीनंही मला बोलावलं नव्हतं. म्हातारी झाली की माणसं आळशी होतात, असं मी मनाशी म्हटलं. उंटावरचा शहाणा मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅपमध्ये पाणी टिकलंय का बघायला गेलो. टिकलं होतं. घरात वासाचं नाव नाही. रानिया खुशीत पाव भाजत होती. फोतिनी मात्र सिंकसमोर खुर्ची ओढून बसली होती. कॉफीचं भांडं कोरडंच.

"वेळ होऊन गेली," ती म्हणाली.

"थिया, आता तिनं पाणी सोडलं तरी आवाज यायचा नाही. काल सांगितलं ना."

"कळतंय मला. पण आज तिला काही झालं असेल तर? ती पडली असेल तर? मला कसं कळणार?"

मग उठली. पायात घरातल्या सपाता, त्याच घालून बाहेर पडली. रानिया ओरडली, "आई, बूट!" पण ती चढाला लागली होती. गुडघे दुखतात म्हणून चर्चच्या दोन पायऱ्यांना माझा हात धरणारी बाई, एका दमात टेकडी चढली. तिच्या मागं रानिया, तिच्या मागं मी.

तिनं दारावर थाप मारली. कुणी येईना. दोन्ही हातांनी बडवायला लागली.

"एव्दोकिया! अगं ए एव्दोकिया! आहेस का गं?"

मग दार उघडलं. एव्दोकिया उभी होती, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मागं नळ सुरू होता आणि सिंक काठोकाठ भरलेलं होतं.

"मेले नाहीये. ओरडतेस कशाला?"

"आवाज आला नाही," फोतिनी म्हणाली. तिला धाप लागली होती.

"आणि तुझ्या कॉफीचा वास आला नाही. रोज दारात उभी राहिले की खालून येतो. आज येईचना. म्हणून परत भरलं, परत सोडलं. हे चौथं सिंक आहे. मला वाटलं, गेलीस पोरीबरोबर. न सांगता गेलीस."

आणि तिथं, त्या लिंबाशेजारी, माझ्या टाळक्यात उजेड पडला. भांड्यांचं पाणी लिंबाला जातं. मग सिंकमधून लोंढा सोडतं कोण? या गावात, या पाण्याच्या भावात, सिंक भरून बूच ओढतं कोण? चाळीस वर्षं पाइपात हात घालतोय मी, आणि हे मला काल कळायला हवं होतं.

फोतिनीलाही आत्ताच कळत होतं. "तू भांडी घासत नव्हतीस?"

"सिंकमध्ये? हे लिंबू लावल्यापासून कधी नाही. त्याला तहानेनं मारू? वेडी कुठली. तुला बोलवत होते मी. रोज. कॉफी ठेव म्हणून."

"मी ठेवत होते गं. रोज ठेवत होते."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मला काय माहीत तू बोलावतेस? मला वाटलं, भांडी घासतेयस. दार तर तूच बुजवलंस."

"तू म्हणालीस, तुझं इथं कुणी नाही."

मग तिनं थोरल्या बहिणीचे ते ओले हात धरले आणि ढसाढसा रडायला लागली. "चुकले गं. आहे माझं. तूच आहेस."

"कळलं. आत ये. नळ बंद कर आधी, बिल कोण भरणार?" एव्दोकिया म्हणाली, आणि तीही रडत होती. रानिया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मी लिंबाकडे बघत उभा राहिलो. पिकलेली तीन लिंबं होती.

रानिया एकटीच ॲडलेडला गेली. भिंतीतलं दार मीच फोडून दिलं. त्या धुळीत दोघी मला शिव्या देत बसल्या होत्या, हळू फोड म्हणून. दोन हिवाळे दोघी त्या दारातून जा-ये करत राहिल्या. अख्ख्या गावाची उणीदुणी काढली, एकमेकींची काढली, कॉफीवर कॉफी प्यायल्या. फोतिनी कधीतरी म्हणायची, "मधली वर्षं कुठनं आणायची रे, ब्रांको?" मी म्हणायचो, "मी प्लंबर आहे, थिया." एव्दोकिया म्हणायची, "तेही धड नाही."

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर एव्दोकिया गेली. झोपेत गेली, काही त्रास नाही.

चाळिसाव्या दिवसाची चर्चमधली प्रार्थना झाली आणि फोतिनीचा निरोप आला. मला वाटलं नळ गळत असेल. गेलो तर टेबलावर तो ऑलिव्ह तेलाचा डबा. तिनं तो माझ्याकडून मागून घेऊन ठेवला होता, मी विसरूनही गेलो होतो.

"हा परत लाव," ती म्हणाली.

"अगं, वास येईल."

"मला कधी आला होता वास?"

"थिया, पण वर आता आहे कोण?"

तिनं डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "तू आहेस ना."

पाणी वाया घालवणाऱ्या माणसाचा मला संताप येतो, हे गावातलं पोरगंही सांगेल. पण डबा मी परत लावला, आणि दर शनिवारी सकाळी एव्दोकियाच्या रिकाम्या घरात जातो. आधी लिंबाला टबभर पाणी घालतो. मग सिंकला बूच लावतो, नळ सोडतो आणि पाणी अगदी काठाला येईपर्यंत थांबतो. अर्ध्या सिंकानं भागत नाही. मग बूच ओढतो आणि मधल्या दारानं खाली येतो.

टेबलावर दोन कप असतात. दुसरा कप माझा नसतो, हे मी पहिल्याच शनिवारी शिकलो. मी भिंतीशी उभा राहतो.

"ऐकू आलं?" मी विचारतो.

"आलं," ती म्हणते. "भांडी झाली तिची."

कॉफीला फेस येईपर्यंत ती त्या दाराकडे बघत बसते. मग उठून पेलाभर पाणी सिंकमध्ये ओतते.